परक्यांना जागा देणारं शहर

जर्मनीतली जुनी, मोठी शहरं शोधायची तर नकाशावर नद्यांच्या काठाने बोट फिरवावं. कोलोन ऱ्हाइनवर सापडतं, फ्रांकफुर्ट माइनवर, ड्रेस्डेन आणि हॅम्बुर्ग एल्बवर. लाइपझिग मात्र अशा बोटाला लागत नाही. सॅक्सनीच्या वायव्येकडच्या सपाट मैदानात वायसे एल्स्टर, प्लायसे आणि पार्टे या तीन लहान नद्या एकत्र येतात आणि त्यांच्या ओलसर, झाडीने भरलेल्या खोऱ्याच्या कडेला हे शहर उभं आहे. यांतल्या एकीवरही मालाने भरलेलं मोठं गलबत कधी चाललं नाही. गावाखाली खनिज नाही. चांदी निघे ती दक्षिणेच्या एर्झगेबिर्गे डोंगरात, मीठ पिके ते शेजारच्या हालेत. राजाची गादी ड्रेस्डेनला होती, बिशपचं पीठ मेर्सेबुर्गला. निसर्गाने दिलं नाही आणि दरबारानेही दिलं नाही, अशा या गावात अठराव्या शतकात जर्मन भाषेतल्या पुस्तकांचा व्यापार एकवटला. युरोपातल्या फरच्या व्यापाराची एक मोठी पेठ इथे होती. बाख इथे सत्तावीस वर्षं राहिला. १९८९ साली पूर्व जर्मनीची सत्ता ज्या रस्त्यावर उघड माघारी गेली, तो रस्ताही इथलाच. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं माझं म्हणणं आहे. लाइपझिगचा धंदा परक्या माणसाला ठरावीक काळ सुरक्षित जागा देण्याचा होता. वर्षातून तीनदा भरणाऱ्या जत्रांनी तो धंदा चालवला आणि त्यासाठी ज्या संस्था उभ्या कराव्या लागल्या त्यांनीच पुढे शहर घडवलं. त्या आतिथ्याला मर्यादा होत्या, आणि त्यांची किंमत काहींनी भयंकर मोजली. तो हिशेब टाळून ही कथा सांगता येणार नाही.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येईल. ऱ्हाइनकडून सिलेशिया-पोलंडकडे जाणारा व्हिया रेगिया आणि इटली-न्यूरेम्बर्गकडून बाल्टिककडे जाणारा व्हिया इम्पेरी हे दोन राजमार्ग इथे एकमेकांना छेदत होते, मग वेगळं कारण शोधायची गरज काय? पण चौक म्हणजे पेठ नव्हे. एरफुर्ट व्हिया रेगियावरच होतं आणि निळीसारखा रंग देणाऱ्या वोड वनस्पतीच्या व्यापारावर श्रीमंत झालं होतं. हालेकडे मीठ होतं आणि झाले नदीही. माग्डेबुर्ग थेट एल्बवर. ही तिन्ही शहरं लाइपझिगपेक्षा जुनी किंवा वजनदार होती, आणि तिन्ही मागे पडली. फरक पडला तो सनदांमुळे. ११६५च्या सुमारास माइसेनचा मार्ग्राफ ओटो याने लाइपझिगला नगराचे आणि बाजाराचे हक्क दिले. गावाभोवती एक मैलाच्या आत दुसरा बाजार भरू नये, हे तेव्हाच ठरलं. त्याहून अर्थपूर्ण वाटते ती १२६८ची सनद. मार्ग्राफ डीट्रिश फॉन लांड्सबेर्ग याने वचन दिलं, की लाइपझिगला येणाऱ्या व्यापाऱ्याच्या जिवाला आणि मालाला संरक्षण मिळेल. त्या व्यापाऱ्याच्या धन्याशी आपलं वैर चालू असलं तरीही मिळेल. तेराव्या शतकात शत्रूच्या प्रजेचा माल लुटणं हा युद्धाचाच भाग समजला जाई. तिथे एका सत्ताधीशाने स्वतःच्या हाताला लगाम घातला आणि व्यापाऱ्याची ओळख त्याच्या राजापासून वेगळी केली. लाइपझिगचा पाया मला या कागदात दिसतो.

पुढच्या सनदांनी या पायावर मजले चढवले. १४९७ साली सम्राट माक्सिमिलियान पहिला याने नववर्ष, ईस्टरनंतरची आणि शरद ऋतूतली मायकलमासची, अशा तिन्ही जत्रांना साम्राज्याचं संरक्षण दिलं. १५०७ साली त्याने पंधरा जर्मन मैलांच्या, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटरच्या, वर्तुळात दुसऱ्या कुणी अशी जत्रा भरवायला बंदी केली आणि या टापूतून जाणारा माल लाइपझिगला उतरवून विक्रीला मांडण्याची सक्ती केली. हाले, एरफुर्ट, माग्डेबुर्ग तिन्ही या वर्तुळात सापडली. ही उघड मक्तेदारी होती. तिने शेजारच्या शहरांचं नुकसान केलं आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तक्रारी केल्या, त्या खऱ्याच होत्या. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांना शेजारच्या मुलुखातली शहरं दाबायची होती, त्यासाठी सम्राटाची मोहोर कामी आली. मग सगळं श्रेय मक्त्यालाच का देऊ नये? कारण मक्ता माल थांबवू शकतो, माणूस पुन्हा येईल असं करू शकत नाही. ब्रेस्लाउचा किंवा ल्वूफचा व्यापारी महिनोन्‌महिने प्रवास करून पुढच्या जत्रेला परत यावा, तर त्याला तीन गोष्टींची खात्री लागते. आपला माल चोरीला जाणार नाही. उधारी वसूल होईल. आणि भांडण झालंच तर निवाडा जत्रा उठायच्या आत लागेल. ही खात्री सनदेच्या कागदातून आपोआप येत नाही, ती वर्षानुवर्षं पाळून दाखवावी लागते.

लाइपझिगने ती कशी पाळली हे त्याच्या दगडांत आणि दफ्तरांत वाचता येतं. १६८२ साली शहराने हुंड्यांचे नियम बांधून दिले आणि त्याच सुमाराला स्वतंत्र व्यापारी न्यायालय उभं केलं. परगावच्या माणसाला महिनोन्‌महिने तारखा देणारी कोर्टकचेरी परवडत नाही, हे ओळखून केलेली ही सोय होती. हुंडी वटण्याचे दिवस जत्रेच्या कॅलेंडरला बांधलेले असत, त्यामुळे दूरदूरच्या गावांतली देणीघेणी लाइपझिगच्या जत्रेत चुकती होऊ लागली आणि माल न आणणारेही पैशासाठी येऊ लागले. त्याच काळात, १६७८ ते १६८७ या वर्षांत, व्यापाऱ्यांना सौदे करायला बाजारचौकाच्या मागे आल्टे ब्योर्से ही देखणी इमारत उभी राहिली. त्याआधी १५५६ साली हिएरोनिमुस लोटर याच्या देखरेखीखाली जुनं नगरभवन बांधायला घेतलं, तेव्हा कामाचा मुख्य भाग दोन जत्रांच्या मधल्या काळात उरकला असं सांगतात, कारण जत्रेच्या वेळी चौक अडलेला चालला नसता. पण या शहराची खरी इमारत म्हणजे आरपार वाडा. एका गल्लीतून मालाची गाडी आत शिरते, चौकात माल उतरतो, वरच्या मजल्यांवरच्या वखारींत तो दोराने ओढून घेतात आणि गाडी न वळवता पलीकडच्या रस्त्याला बाहेर पडते. अरुंद गल्ल्यांच्या गावात शेकडो गाड्यांची कोंडी यामुळे टळे. १७४७ ते १७५० या काळात बांधलेला बार्टेल्स होफ आजही तसा पाहायला मिळतो. घराचा मालक स्वतः जत्रेच्या दिवसांत आखडून राही आणि दर्शनी दालनं भाड्याने देई. एखादं शहर कशासाठी बांधलंय हे त्याच्या दारांवरून कळतं. इथली दारं मालासाठी आणि पाहुण्यासाठी मोजून केलेली आहेत.

पुस्तकांच्या बाबतीत माझा मुद्दा सर्वांत ठळक दिसतो, कारण तिथे फ्रांकफुर्टशी थेट तुलना करता येते. फ्रांकफुर्टची जत्रा जुनी. १२४० सालापासून तिला साम्राज्याचं संरक्षण होतं आणि युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू झाली ती शेजारच्या माइन्झमध्ये. जत्रेत आलेल्या पुस्तकांची पहिली छापील यादी १५६४ साली फ्रांकफुर्टच्या जत्रेसाठीच निघाली. लाइपझिगची यादी त्यानंतर तीस वर्षांनी, १५९४ साली, हेनिंग ग्रोसे या पुस्तकविक्रेत्याने काढली. इतकंच नव्हे, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाइपझिगने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. १५१९ साली इथल्या प्लायसेनबुर्ग किल्ल्यात ल्यूथर आणि कॅथलिक धर्मपंडित योहान एक यांचा गाजलेला वाद झाला, त्यानंतर ड्यूक गेओर्गने ल्यूथरच्या लिखाणावर बंदी आणली आणि खपाचा सगळा माल विटेनबर्गच्या छापखान्यांकडे गेला. १५३९ साली गेओर्ग वारला, मुलूख प्रोटेस्टंट झाला, तेव्हा कुठे छापखान्यांना श्वास मिळाला. हा धडा शहर विसरलं नाही असं पुढच्या इतिहासावरून वाटतं. फ्रांकफुर्टमध्ये सम्राटाच्या ग्रंथ-आयोगाचा जाच वाढत गेला. प्रोटेस्टंट पुस्तकं जप्त होण्याची भीती आणि फुकट द्यावयाच्या प्रतींचा बोजा यांनी उत्तरेकडचे प्रकाशक कंटाळले. लाइपझिगलाही सेन्सॉर होता, पण तिथल्या अधिकाऱ्यांना हा व्यापार हातचा घालवायचा नव्हता. शिवाय लॅटिनऐवजी जर्मन पुस्तकं वाढत होती आणि त्यांचा वाचक उत्तरेत आणि मध्यभागात होता. १७६४ साली लाइपझिगचा प्रकाशक फिलिप एरास्मुस राइश याने फ्रांकफुर्टची वखार कायमची बंद केली आणि इतरांनाही तसं करायला लावलं. तराजू कुठे झुकलाय हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

यानंतर जे घडलं ते अडतीचं शास्त्र आहे. जर्मन भाषकांच्या मुलुखातल्या गावोगावच्या पुस्तकविक्रेत्याने लाइपझिगमध्ये एक अडत्या नेमलेला असे. प्रकाशक आपली पुस्तकं इथे साठवून ठेवत, विक्रेत्याची मागणी इथे येई, वेगवेगळ्या प्रकाशकांच्या पुस्तकांचं एक गाठोडं बांधून रवाना होई आणि हिशेब ईस्टरच्या जत्रेत मिटे. १८२५ साली पुस्तकविक्रेत्यांचा संघ स्थापन झाला तो इथेच. ब्रोकहाउसचे विश्वकोश, ब्राइटकोप्फ उंड हेर्टेलची संगीताची पानं, रेक्लामची १८६७पासूनची स्वस्त पुस्तकमाला, बेडेकरच्या प्रवास-मार्गदर्शिका हे सगळं या एका शहराच्या पूर्वेकडच्या छापखान्यांच्या वस्तीतून बाहेर पडत होतं. आपल्या बाजूने पाहिलं तर या व्यवस्थेचा एक धागा संस्कृतपर्यंत येतो. ब्रोकहाउस घराण्यातलाच हेरमान ब्रोकहाउस १८४१पासून इथल्या विद्यापीठात संस्कृत शिकवत होता, त्याने सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ संपादित करून छापला आणि तरुण माक्स म्युलर त्याच्याकडेच संस्कृत शिकला. ओटो ब्योट्लिंक याची पाणिनीच्या व्याकरणाची जर्मन अनुवादासह आवृत्ती १८८७ साली लाइपझिगहून निघाली. पुढे कार्ल ब्रुगमान यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांच्या या विद्यापीठात पुण्याच्या पांडुरंग दामोदर गुणे यांनी ऋग्वेद आणि ब्राह्मणग्रंथांतल्या पूर्वकालवाचक धातुसाधितांवर जर्मनमध्ये प्रबंध लिहिला, तो १९१३ साली तिथेच प्रसिद्ध झाला. जिथे परक्या लिपीचे खिळे जुळवणारे कामगार, दूरच्या ग्रंथालयांचे पत्ते ठाऊक असलेले अडते आणि अपरिचित ग्रंथावर पैसा लावणारे प्रकाशक एकाच पेठेत होते, तिथेच अशी विद्या तग धरू शकत होती.

इथे संगीताचा आणि ज्ञानाचा अभ्यासक हरकत घेईल, की बाख काही जत्रेची पैदास नव्हे. तो टोमासकिर्शे या चर्चच्या शाळेचा नोकर होता आणि विद्यापीठ तर १४०९ साली प्रागहून निघून आलेल्या जर्मन अध्यापकांनी स्थापलं. ही हरकत अर्धी मान्य आहे. प्रतिभेचा उगम बाजारात शोधणं हास्यास्पद ठरेल. पण प्रतिभेला श्रोता कुठून मिळतो, हा प्रश्न बाजाराचाच आहे. १६९३ साली इथे उघडलेलं ऑपेरागृह जत्रेच्या दिवसांतच चाले. बाखने १७२९पासून चालवलेली कलावंतांची मंडळी काथारिनेनस्ट्रासेवरच्या झिमरमानच्या कॉफीगृहात वाजवी. एरवी आठवड्यातून एकदा, जत्रेच्या काळात दोनदा. त्याच्या पियानोपूर्व काळातल्या कळवाद्यांसाठीच्या रचना छापून विक्रीला येत त्याही जत्रेचा मुहूर्त साधून, जसा ‘क्लाव्हियर-युबुंग’चा तिसरा भाग १७३९च्या मायकलमास जत्रेत आला. १७४३ साली सोळा नागरिकांनी, त्यांत बहुतेक व्यापारी, सोळा वादकांचा खर्च उचलला आणि वर्गणीवर मैफिली सुरू केल्या. राजाश्रयावाचून वाद्यवृंद उभा राहू शकतो हे त्यांनी दाखवलं. १७८१ साली हा वाद्यवृंद कापड-व्यापाऱ्यांच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर बांधलेल्या सभागृहात गेला आणि वखारीचंच नाव लावू लागला. तो गेवांडहाउस आजही वाजतो. १८३५ साली मेंडेल्सझोन त्याचा प्रमुख झाला आणि १८४३ साली त्याच्या पुढाकाराने इथे संगीतशाळा निघाली. गोएटे १७६५ साली सोळा वर्षांचा विद्यार्थी म्हणून आला तोही जत्रेच्याच दिवसांत, आणि पोलिश, रशियन, विशेषतः ग्रीक व्यापाऱ्यांच्या वेशभूषेने भारावून गेल्याचं त्याने म्हातारपणी नोंदवलं आहे.

एकोणिसाव्या शतकाने या जत्रेची खरी परीक्षा घेतली. १८३४च्या जकात-संघाने जर्मन मुलुखांतले नाके उठवले. १८३९ साली लाइपझिग-ड्रेस्डेन हा जर्मनीतला पहिला लांब पल्ल्याचा रेल्वेमार्ग पुरा झाला, आणि गंमत म्हणजे त्यात भांडवल घालणारे याच शहराचे व्यापारी होते. रेल्वेने माल थेट कारखान्यातून दुकानात जाऊ लागला, तर तो जत्रेत गाड्या भरून कशाला आणायचा? अनेक जुन्या जत्रांना या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही. लाइपझिगला सापडलं. १८९५पासून इथे माल न आणता फक्त नमुने आणायचे, पाहून मागणी नोंदवायची आणि माल नंतर कारखान्यातून पाठवायचा, अशी नमुन्यांची जत्रा सुरू झाली. आज जगभर भरणाऱ्या औद्योगिक प्रदर्शनांची ही आई. नमुन्यांसाठी पहिली इमारत बांधली ती जुन्या गेवांडहाउसच्या जागेवर. त्यानंतर पासाजांची, म्हणजे छताखालच्या आरपार दुकानगल्ल्यांची, आणि अनेक मजली प्रदर्शन-महालांची रांग लागली. १९१२ ते १९१४ या काळातली मेडलर पासाज त्यांतली सर्वांत देखणी, आणि तिच्या पोटात गोएटेच्या ‘फाउस्ट’मुळे अजरामर झालेलं आउअरबाख तळघर जपलेलं आहे. आरपार वाड्याचीच ही नवी आवृत्ती होती. फक्त गाडीच्या जागी आता माणूस एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडत होता.

आता त्या हिशेबाकडे यायला हवं. लाइपझिगचं आतिथ्य पंचांगावर चालत होतं. ज्यू व्यापारी जत्रेला हवे होते, शहराला नको होते. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या नोंदवह्यांत हजारो ज्यू जत्रेकऱ्यांची नावं सापडतात. पोलंड-गालिसियातल्या ब्रोडीहून येणाऱ्यांनी फरचा व्यापार ब्र्यूल या रस्त्यावर आणला आणि त्याला जगभर ओळख दिली. पण त्यांना येण्यासाठी इतरांपेक्षा जास्त कर द्यावा लागे आणि जत्रा उठली की गाव सोडावं लागे. जत्रेत मृत्यू आला तर दफनाला जागाही १८१४पर्यंत शहरात नव्हती. कायमच्या वस्तीचा मार्ग मोकळा झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि १८५५ साली गोटशेडस्ट्रासेवर ओटो सिमोनसोनने बांधलेलं मोठं सिनेगॉग जत्रेच्या पाहुण्यांनाही सामावून घेण्याच्या हिशेबाने उभं राहिलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात या समाजाची संख्या दहा हजारांच्या वर गेली होती. समाज रुजला असं वाटत असतानाच सगळं उखडलं गेलं. १९३६ साली महापौर कार्ल ग्योर्डेलर परदेशी असताना त्यांच्या नाझी उपमहापौराने गेवांडहाउससमोरचा मेंडेल्सझोनचा पुतळा हटवला. ग्योर्डेलर यांनी पद सोडलं, ते हिटलरविरोधी कटात गेले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली. ऑक्टोबर १९३८ मध्ये पोलिश नागरिकत्वाच्या ज्यूंची धरपकड झाली तेव्हा पोलंडचा वाणिज्यदूत फेलिक्स खिचेव्स्की याने सुमारे तेराशे माणसांना आपल्या कचेरीत आसरा दिला. नोव्हेंबरच्या ९ तारखेच्या रात्री गोटशेडस्ट्रासेचं सिनेगॉग जाळण्यात आलं. आज तिथे ब्राँझच्या १४० रिकाम्या खुर्च्या आहेत. याच राजवटीने १९३७ साली शहराला ‘राइशचं जत्रानगर’ असा किताब दिला होता, आणि तो किताब घेणारं शहर आपल्या जत्रेला शतकानुशतकं पोसणाऱ्या माणसांना वाचवू शकलं नाही. माझ्या मांडणीवरचा हा सर्वांत जड आक्षेप आहे आणि मी तो खोडू शकत नाही. नफ्यासाठी दिलेली सुरक्षितता हा हक्क नसतो. ती देणारा हात ती काढूनही घेतो. १२६८च्या सनदेत व्यापाऱ्याला त्याच्या राजापासून वेगळं केलं होतं, माणसाला त्याच्या व्यापारापासून वेगळं करून जपायचं वचन त्यात नव्हतं.

युद्धाने बाकीचं नेलं. ४ डिसेंबर १९४३च्या पहाटे झालेल्या ब्रिटिश बाँबहल्ल्यात छापखान्यांची वस्ती जळाली. सुमारे पाच कोटी पुस्तकं नष्ट झाली असा अंदाज दिला जातो, आणि अठराशेहून अधिक माणसं मेली. १९४५च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य आलं, जुलैच्या सुरुवातीला ठरल्याप्रमाणे शहर सोव्हिएतांच्या हवाली करून गेलं, आणि जाताना ब्रोकहाउस, इन्झेल यांच्यासारख्या नामांकित प्रकाशकांना व्हीसबाडेनला घेऊन गेलं. अडतीचं जाळं तुटलं, पुस्तकांचा व्यापार फ्रांकफुर्टला परतला. तरी १९४६च्या मे महिन्यात पडक्या इमारतींमध्ये जत्रा पुन्हा भरली. समाजवादी राजवटीला ती लागत होती, कारण पश्चिमेशी उघडपणे सौदे करायला आणि परकीय चलन मिळवायला दुसरी अशी जागा नव्हती. वर्षातून दोनदा पश्चिमेकडचे व्यापारी येत, लोक आपल्या खोल्या त्यांना भाड्याने देत, दुकानांच्या काचांमागे एरवी न दिसणाऱ्या वस्तू दिसत. पुस्तकजत्रेत तरुण मुलं पश्चिमी प्रकाशकांच्या मांडवात तासन्‌तास उभी राहून वाचत, वहीत उतरवून घेत. गुप्त पोलिसांची नजर सगळीकडे होती. पण पाहुण्याला बोलवायचं आणि त्याने काहीच पाहू नये असं करायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही.

४ सप्टेंबर १९८९ रोजी ते जमलं नाही. निकोलाइकिर्शे या चर्चमध्ये १९८२पासून दर सोमवारी शांतीप्रार्थना होत असे. उन्हाळ्याच्या सुटीनंतरचा तो पहिला सोमवार शरद ऋतूच्या जत्रेतच आला. प्रार्थना संपल्यावर तरुणांनी खुल्या देशाची मागणी करणारे कापडी फलक उघडले, साध्या वेशातल्या पोलिसांनी ते ओरबाडून घेतले, आणि जत्रेच्या परवान्यावर आलेल्या पश्चिमी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. त्या रात्री पूर्व जर्मनीतल्या घराघरांत पश्चिमेच्या दूरचित्रवाणीवर ते दृश्य पोहोचलं. यावर दोन आक्षेप आहेत. एक, धैर्य लाइपझिगचं एकट्याचं नव्हतं. सॅक्सनीतल्याच प्लाउएन गावात ७ ऑक्टोबरला दहा हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर आली, ती कुठल्याही जत्रेविना. दोन, ज्या दिवशी सत्तर हजार लोक लाइपझिगच्या वर्तुळमार्गावर चालले त्या ९ ऑक्टोबरला जत्रा नव्हती आणि परदेशी पत्रकारांना शहरात येऊ दिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि प्लाउएनला इतिहासात अजून त्याचं पुरेसं माप मिळालेलं नाही. माझा दावा इतकाच आहे, की धैर्य सर्वत्र होतं पण भेटीची वेळ आणि जागा सगळ्या देशाला ठाऊक झाली ती सप्टेंबरच्या त्या सोमवारमुळे. म्हणूनच ९ ऑक्टोबरला आसपासच्या गावांतूनही माणसं इथे आली. त्या संध्याकाळी रिफॉर्म्ड चर्चच्या मनोऱ्यावरून आराम राडोमस्की आणि झीगबेर्ट शेफ्के यांनी लपून चित्रण केलं, ते बर्लिनमार्गे पश्चिमेला पोहोचलं. शहरातल्या ध्वनिक्षेपकांवरून हिंसा न करण्याचं आवाहन ज्या आवाजात ऐकू आलं तो गेवांडहाउसचा संचालक कुर्ट माझूर याचा होता. त्याच्यासोबत एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी कलाकार आणि पक्षाचे तीन जिल्हा-सचिव यांनी ते आवाहन तयार केलं होतं. राज्याचा अधिकारी नसलेल्या एका संगीतकाराचा शब्द दोन्ही बाजूंनी ऐकला जावा, ही गोष्ट दीडशे-दोनशे वर्षं नागरिकांनी जोपासलेल्या संस्थेमुळेच शक्य झाली.

एकीकरणानंतर जत्रेला सनद उरली नाही, राजकीय गरजही उरली नाही. १९४७पासून पश्चिमेची मोठी औद्योगिक जत्रा हानोफरला भरत होती, तिच्याशी बरोबरी शक्य नव्हती. कारखाने बंद पडले, १९९८पर्यंत लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या पुढून घसरून सुमारे चार लाख सदतीस हजारांवर आली. १९९६ साली शहराच्या उत्तरेला काचेच्या भव्य दालनासह नवं जत्रा-मैदान उघडलं, तेव्हा हा खर्च वेडेपणाचा आहे असं म्हणणारे पुष्कळ होते. लोकसंख्या आज पुन्हा सहा लाखांच्या वर आहे, त्याला विमानतळावरची मालवाहतूक, मोटारींचे कारखाने आणि स्वस्त घरं कारणीभूत आहेत, फक्त जत्रा नव्हे. पण मार्च-एप्रिलमधली पुस्तकजत्रा वेगळ्या कारणाने टिकली. फ्रांकफुर्टची पुस्तकजत्रा प्रामुख्याने व्यवहाराची राहिली, लाइपझिगने आपली जत्रा वाचकांची केली. तेव्हापासून दुकानांत, चर्चमध्ये, घरांत, शहरभर लेखकांची वाचनं होतात. महामारीमुळे २०२० आणि २०२१ ची जत्रा झाली नाही, आणि २०२२ साली मोठ्या प्रकाशन-समूहांनी अंग काढून घेतल्यावर आयोजकांनी ती पुन्हा रद्द केली. तेव्हा लहान प्रकाशकांनी स्वतःच शहरातली एक जागा घेऊन छोटी पुस्तकजत्रा भरवली आणि लोक तिथे आले. पुढच्या वर्षी, २०२३च्या एप्रिलमध्ये, मुख्य जत्रा परत भरली तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं आली होती.